वायर बसली नाही तरी तास झाला पाहिजे : बीएड-डीएलएडवाल्यांसाठी

माझा बीएडचा पहिला पीपीटीवाला पाठ अकरा मिनिटं उशिरा सुरू झाला. पस्तीस मिनिटांच्या तासातली अकरा. माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय, शाळेच्या जुन्या प्रोजेक्टरला निळी व्हीजीए, मधला कन्व्हर्टर कुणाकडेच नाही, मागच्या बाकावर निरीक्षक मॅडम वही उघडून बसलेल्या, आणि सातवीची पोरं इतकी मनापासून मदत करत होती की एकाने जाऊन ट्यूबलाइटच बंद करून टाकली. शेवटी घाम पुसला, खडू घेतला आणि जमेल तसं फळ्यावर शिकवलं. शेरा काय आला माहितीये? "फलकलेखन चांगले." ज्याची तयारी मी केलीच नव्हती.

आता दरवर्षी आमच्या शाळेत आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या सरावाला, छात्राध्यापक म्हणजे शिकाऊ शिक्षक येतात आणि निम्म्यांचं हेच होताना बघते, म्हणून वर्गात लॅपटॉप, प्रोजेक्टर, फोन कसे वापरायचे ते एकदाचं सगळं लिहून टाकते. तुमच्या कॉलेजात आयसीटीचा (माहिती-तंत्रज्ञानाचा) पेपर असेलच, त्यात व्याख्या आणि फायदे-तोटे मिळतील, इथे फक्त वर्गात गेल्यावर हाताला काय लागतं ते आहे.

आधी कशासाठी, मग कशावर

पाठाच्या निरीक्षणात शैक्षणिक साहित्य असा एक मुद्दा असतो आणि तिथे पीपीटी म्हणजे हमखास मार्क अशी आपल्याकडे समजूत आहे. मग होतं काय, पुस्तकातलाच परिच्छेद उचलून स्लाइडवर टाकायचा, छात्राध्यापक तो वाचून दाखवणार, पोरं तो वहीत उतरवणार, आणि अर्धा उतरवून होईपर्यंत पुढची स्लाइड. फळ्यावरचं निदान पुसेपर्यंत राहतं हो.

मी एका मुलीचा पाठ बघितला होता, जास्वंदीच्या फुलाचे भाग. सुंदर स्लाइड, बाण बिण, पाकळ्या एकेक करून उडून येतायत. आणि वर्गाच्या खिडकीबाहेर कुंपणाला खरी जास्वंद फुललेली! चाळीस पोरांना वीस फुलं तोडून दिली असती, ब्लेडऐवजी नखानेच उभं चिरलं असतं तरी पुंकेसर, कुक्षी, अंडाशय सगळं हातात आलं असतं.

तर स्वतःला एवढंच विचारायचं, ही गोष्ट फळ्यावर, हातात किंवा खिडकीबाहेर दाखवता येते का? येत असेल तर लॅपटॉप बॅगेत राहू द्या. येत नसेल, म्हणजे ती फार हळू घडते, फार वेगात घडते, फार मोठी आहे, फार बारीक आहे, फार लांब आहे किंवा हात लावला तर भाजेल, तर मग स्क्रीन काढा. लोणारचं सरोवर घ्या. पुस्तकातल्या फोटोत ते एखाद्या तळ्यासारखं दिसतं, पण गूगल अर्थवर आधी स्वतःचं गाव दाखवून मग बुलढाण्याकडे सरकत गेलात आणि वरून ते जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं गोल विवर दिसलं की पोरं आपोआप गप्प होतात, आणि मग कुणीतरी विचारतंच की मॅडम हे एवढं गोल कसं काय. तो प्रश्न आला की स्क्रीनचं काम संपलं. बाकीचं तुम्ही.

मला आता असंच वाटायला लागलंय की स्क्रीनने प्रश्न पाडायचा आणि उत्तर पोरांच्या हातून यायचं. उलटं केलं की पोरं फक्त बघत बसतात, आणि बघणं त्यांना घरीही येतं.

एक पाठ अख्खा सांगते, चंद्रकलांचा

सातवीच्या भूगोलात सूर्य, चंद्र, पृथ्वी आहे. हा पाठ मी तीनदा वेगवेगळ्या पद्धतीने घेतलाय, पहिल्यांदा वाईट, दुसऱ्यांदा बरा, तिसऱ्यांदा जमला.

यासाठी स्टेलॅरियम नावाचं सॉफ्टवेअर लागतं, फुकट आहे, लॅपटॉपवर एकदा टाकलं की नेट लागत नाही. त्यात आपलं ठिकाण टाकायचं, वेळ संध्याकाळी सातची ठेवायची आणि तारीख अमावास्येनंतरची दुसरी संध्याकाळ. पश्चिमेला अगदी खाली बारीक कोर दिसते. बीजेची कोर. चंद्र लहान वाटला तर सेटिंगमधे तो मोठा करून दाखवायची सोय आहे, ते घरीच करून ठेवा. आता कीबोर्डवरचं बरोबरचं चिन्ह दाबलं की तारीख एक दिवस पुढे जाते, वेळ तीच राहते. दाबत जा. रोज संध्याकाळी सातला चंद्र थोडा थोडा पूर्वेकडे सरकतो आणि भरत जातो, अष्टमीच्या सुमाराला जवळपास डोक्यावर अर्धा, आणि पौर्णिमेला थेट पूर्वेच्या क्षितिजावर पूर्ण गोल. अजून एकदा-दोनदा दाबलं की चंद्र गायब!

इथे थांबायचं. "मॅडम चंद्र गेला" असा आरडाओरडा होतो, होऊ द्या. मग विचारायचं, संकष्टीला तुमची आजी जेवायची कधी थांबते? रात्री नऊच्या आसपासपर्यंत का बरं ताटकळते? पोरांना हे घरातून माहीत असतं, कॅलेंडरवर संकष्टीची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते हेही माहीत असतं, पण तिचा भूगोलाशी संबंध आहे हे त्यांच्या डोक्यात कधी आलेलं नसतं. मग स्टेलॅरियममधे पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस लावा आणि तासातासाने वेळ पुढे न्या, चंद्र उगवताना दिसतो. रोज सरासरी ५० मिनिटं उशीर होतो हे पोरं स्वतः मोजून काढतात. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमाराला उगवला, चार दिवस गेले, करा गुणाकार. आजीचं कोडं सुटतं.

पहिल्या वेळी मी इथेच पाठ संपवला होता, खूप खूश होते. शेवटी मूल्यमापनाचा प्रश्न विचारला की चंद्रकला का दिसतात, आणि जवळजवळ अख्ख्या वर्गाने सांगितलं, पृथ्वीची सावली पडते म्हणून. म्हणजे पाच मिनिटं डोळे फाडून बघून सुद्धा कारण काही कळलेलं नव्हतं, कारण स्क्रीनवर ते दिसतच नाही, तिथे दिसतो फक्त परिणाम.

म्हणून दुसरा भाग स्क्रीन बंद करून. खिडक्या लावा, एका टोकाला साधा बल्ब किंवा जोरदार टॉर्च, तो सूर्य. प्रत्येक जोडीला पेन्सिलीवर खोचलेला पांढरा चेंडू, प्लास्टिकचा नाहीतर थर्माकोलचा, तो चंद्र. आणि पोराचं स्वतःचं डोकं ही पृथ्वी. हात लांब करून चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरायचा आणि डावीकडे वळत वळत गोल फिरायचं. बल्बकडे तोंड असताना चेंडूची आपल्याकडची बाजू काळी, अमावास्या. पाव गिरकीवर अर्धा उजळलेला. बल्बकडे पाठ झाली की पूर्ण गोल. आणि या सगळ्यात चेंडूचा अर्धा भाग कायम उजेडातच असतो, बदलतो तो आपल्याला त्यातला दिसणारा हिस्सा. हे ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला कळतं, सांगावं लागत नाही.

कुणीतरी चेंडू खाली धरतोच. मग बल्बकडे पाठ झाली की त्याच्या डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि तो म्हणतो माझी पौर्णिमा काळी झाली. त्याला अजिबात ओरडू नका, त्याने चंद्रग्रहण करून दाखवलंय! मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही हा प्रश्न फुकटात मिळतो. उत्तर हे की चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणजेच बाकीच्यांनी चेंडू वर धरला होता.

वेळेचा हिशेब बघा, स्टेलॅरियमला सहा-सात मिनिटं, चेंडूला पंधरा, बाकीची प्रस्तावना, फळा आणि शेवटचे प्रश्न. लॅपटॉपचा वाटा एवढाच. आणि लाइट गेली तर? भिंतीवरचं कॅलेंडर. तिथी वाचायची, प्रत्येक तिथीला चंद्र केवढा दिसला ते पोरांकडून फळ्यावर काढून घ्यायचं, टॉर्च मोबाइलचा. पाठ तोच राहतो. मला विचाराल तर ज्या पाठाला असा दुसरा रस्ता सापडत नाही तो पाठ सराव पाठ म्हणून घेऊच नका.

वायरी

आता कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं. पाठाच्या आदल्या दिवशी शाळेत जाऊन त्याच खोलीत, त्याच टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला, तुमचा स्वतःचा लॅपटॉप जोडून बघायचा. मैत्रिणीचा नाही, तुमचा. आणि संगणक कक्षाची किल्ली कुठल्या शिपाई मामांकडे असते, ते कधी डबा खायला बसतात, हे विचारून ठेवायचं. मामांशी नीट बोलणं हे पण तंत्रज्ञानच आहे, कुठलं स्टॅबिलायझर नाटक करतं आणि कुठल्या बोर्डाचं बटण उलटं बसवलंय हे फक्त त्यांनाच माहीत असतं.

लॅपटॉप जोडला आणि भिंतीवर नुसतं वॉलपेपर दिसतंय, स्लाइड मात्र लॅपटॉपवरच, असं झालं तर घाबरू नका, स्क्रीन एक्स्टेंडवर गेलीये. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, डुप्लिकेट निवडा, झालं. हे एक शॉर्टकट पाठ करा, बाकी विसरलात तरी चालेल.

चित्र आलं पण आवाज नाही? एचडीएमआय लावली की आवाज पण वायरीतून प्रोजेक्टरकडे जातो आणि कित्येक प्रोजेक्टरला स्पीकर नसतो किंवा असला तरी मच्छर गुणगुणल्यासारखा. खाली कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज परत लॅपटॉपवर घ्या आणि छोटा ब्लूटूथ किंवा वायरचा स्पीकर जवळ ठेवा. व्हीजीएतून तर आवाज जातच नाही, ती फक्त चित्राची वायर.

हल्ली बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत लोकसहभागातून मोठा टीव्ही आलेला असतो. तिथे पेनड्राइव्ह चालतो पण पीपीटी फाइल टीव्हीला सहसा उघडता येत नाही. यावर उपाय सोपा आहे, पॉवरपॉइंटमधे फाइल सेव्ह करतानाच जेपेगचा पर्याय घ्या, प्रत्येक स्लाइडचा एकेक फोटो तयार होतो, टीव्ही तो आरामात दाखवतो. ॲनिमेशन जातं, जाऊ द्या. पेनड्राइव्ह टीव्हीला ओळखू येत नसेल तर फॅट३२ मधे फॉरमॅट करून बघा, फक्त त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि तुमची फाइल तेवढी मोठी असेल तर तुम्ही पाठ घेताय की सिनेमा दाखवताय हा वेगळा प्रश्न.

फोन थेट टीव्हीला जोडणार असाल तर एक लक्षात घ्या, टाइप-सी ते एचडीएमआय वायर मिळते पण सगळ्या फोनमधून त्याने चित्र जात नाही, स्वस्तातल्या फोनमधून तर बहुतेक नाहीच. दुकानदार म्हणेल चालतंय की. आधी तुमच्या फोनला लावून बघा, मग पैसे द्या.

आणि फोन लावायच्या आधी डू नॉट डिस्टर्ब. आमच्या बॅचमधल्या एकाच्या पाठात मधेच अख्ख्या भिंतीवर मेसेज आला, "जेवलास का रे पिल्लू." नववीचा वर्ग होता. त्याचं पुढचं सगळं वर्ष त्याच नावाने गेलं.

स्लाइड करायचीच असेल तर

मराठीतला सगळ्यात मोठा घोळ फॉन्टचा. कॉलेजातल्या जुन्या कंप्युटरवर श्रीलिपी किंवा कृतिदेवमधे टाइप केलेलं असतं, ते दुसऱ्या मशिनवर उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण त्या फाइलमधे खरं तर मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरांनाच मराठी मुखवटा घातलेला असतो, फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. म्हणून युनिकोडमधेच टाइप करा, त्यात खरी मराठी अक्षरं साठवली जातात. विंडोजमधे मराठी कीबोर्ड असतो, फोनवर बोलून टाइप करून ते मेलने लॅपटॉपवर घेतलं तरी चालतं, फक्त र्‍हस्व-दीर्घ आणि अनुस्वार एकदा डोळ्याखालून घाला, चुकीचं शुद्धलेखन दोन मीटर उंच दिसतं! आणि फाइलची एक पीडीएफ कायम बरोबर ठेवा, पीडीएफमधे फॉन्ट आतच बसतो.

अक्षर केवढं ठेवायचं याचे आकडे पुस्तकात असतील, मी फक्त शेवटच्या बाकावर जाऊन बसते आणि बघते. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात त्यामुळे ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर बसतो आणि बारक्या पोरांना वाचताच येत नाही. पिवळ्यावर पांढरं, लालवर निळं असले प्रयोग नकोत. खिडकीतून ऊन येतंय तर पांढऱ्यावर काळं सगळ्यात बरं.

आणि शो चालू असताना कीबोर्डवर बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की स्लाइड परत. हे फार उपयोगी आहे. तुम्ही बोलताय, पोरं बोलतायत, तेव्हा पडदा काळाच हवा, नाहीतर सगळ्यांच्या माना तिकडेच.

व्हिडिओ

तीन मिनिटांच्या वर नको. आधी पूर्ण बघा, दोनदा, आणि कुठल्या सेकंदाला थांबवायचं ते पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, लिहून ठेवा. वर्गात यूट्यूब थेट उघडू नका, जाहिरात कुठली येईल आणि बाजूला कसले फोटो येतील याचा भरवसा नाही, ॲपमधे डाउनलोडची सोय असते तिथून आधीच ऑफलाइन करून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाकून एकदा चालवून बघा म्हणजे खरंच डाउनलोड झालंय का ते कळतं.

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात, दीक्षा या सरकारी ॲपने स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं आणि तेही डाउनलोड करून ठेवता येतं. दीक्षा २०१७ च्या सप्टेंबरात आलं. पण पुस्तकात कोड ही कल्पना आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी वापरून दाखवली होती, ज्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी त्या १० लाख डॉलरमधली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. मला त्यातलं आवडतं ते हे की कल्पना अगदी साधी आहे, पुस्तकाच्या पानावर एक चौकोन आणि पोराच्या घरातला फोन, एवढंच. तुम्ही पण स्वतःच्या आवाजात कविता रेकॉर्ड करून तिचा क्यूआर कोड वहीत चिकटवायला देऊ शकता, पाच मिनिटांचं काम आहे. बोलीभाषेतली पोरं असतील तर तुमचा ओळखीचा आवाज त्यांना जास्त उपयोगी पडतो.

व्हिडिओ दाखवायची माझी आवडती पद्धत म्हणजे पहिल्यांदा आवाज बंद. पोरांनी बघायचं आणि काय चाललंय ते आपसात सांगायचं, क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं. मग दुसऱ्यांदा आवाजासकट. पहिल्या वेळी त्यांनी जे चुकीचं सांगितलेलं असतं ते दुसऱ्या वेळी त्यांचं तेच पकडतात.

विज्ञान-गणितवाल्यांनी फेट सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, नक्की बघा. कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, २००२ साली कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलेला, त्यातली बरीच मराठीत आहेत आणि फाइल उतरवून घेतली की ब्राउझरमधे बिना नेटची चालतात. विद्युत परिपथाचं तर अप्रतिम आहे. पण आधी खरा सेल, खरी वायर, खरा बल्ब द्या, तो पेटवायची धडपड होऊ द्या, मग सिम्युलेशन, कारण वायरीतून काय वाहतं ते खऱ्या वायरीत दिसत नाही. फुकट साहित्यच हवं असेल तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं त्या अरविंद गुप्ता सरांची टाकाऊतली खेळणी आहेत, मराठी व्हिडिओ पण आहेत, स्ट्रॉ आणि सायकलच्या ट्यूबमधून जे होतं ते माझ्या कुठल्याच स्लाइडमधून झालेलं नाही. भाषावाल्यांना स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी मिळतील, प्रथम बुक्सचं आहे, उतरवून छापायला परवानगी आहे.

फोन उलटा लटकवा

हे मला फार उशिरा सुचलं. फोनचा कॅमेरा चालू करून तो पुस्तकांच्या दोन चळतींवर आडव्या ठेवलेल्या पट्टीवर पालथा ठेवा, कॅमेरा खाली, आणि फोनची स्क्रीन टीव्हीवर घ्या. खाली जे ठेवाल ते अख्ख्या वर्गाला दिसतं. कांद्याची साल, मुंग्यांची रांग, लिटमसचा रंग बदलताना, आणि सगळ्यात भारी म्हणजे पोराची वही. एकाने गणित कसं सोडवलं ते त्याच्याच अक्षरात सगळ्यांसमोर, आणि मग कुठे गाडी घसरली ते सगळे मिळून शोधतात. फक्त चुकलेली वही लावताना आधी त्या पोराला हळूच विचारा. आणि पहिली चुकलेली वही स्वतःची लावा.

प्रश्न विचारायला

"समजलं का?" यावर अख्खा वर्ग "होऽऽऽ" म्हणतो, त्याचा काही अर्थ नसतो हे तुम्हाला पण माहितीये, आपण पण तसंच म्हणायचो. त्यापेक्षा प्लिकर्स नावाचं ॲप बघा, त्यात प्रत्येक पोराला एक कागदी कार्ड असतं, चार बाजूंना चार पर्याय, जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं, तुम्ही एकच फोन वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते दिसतं. पोरांकडे फोन लागत नाही. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होतो आणि स्कॅन होत नाही, साध्या जाड कागदावर छापा. नावांच्या जागी हजेरी क्रमांक टाका.

नेट नसेल तर कागदाची घडी घालून चार भागांवर चार अक्षरं, छातीशी धरायची म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत. हे सुद्धा तितकंच चालतं, खरं सांगते, फक्त नोंद राहत नाही.

पण दोन्हीत खरी मेहनत प्रश्नाची आहे. चुकीचे पर्याय असे हवेत की जी चूक पोरं खरंच करतात तीच तिथे असेल. चंद्रकलेच्या प्रश्नात "पृथ्वीची सावली पडते" हा पर्याय नसता तर मला काहीच कळलं नसतं.

एआयबद्दल, कारण तुम्ही वापरणारच

टाचण सगळं एआयकडून लिहून घेतलेलं लगेच ओळखू येतं. आमच्याकडे एकाने आणलेल्या गणिताच्या टाचणात अभाज्य संख्या लिहिलेलं, अपूर्णांकाला अंश आणि हर, आणि समबाहु त्रिकोण. हे सगळं हिंदी! आपल्या पुस्तकात मूळ संख्या आहे, अंश आणि छेद आहे, समभुज त्रिकोण आहे. पोरांनी विचारलं सर हर म्हणजे काय, आणि सरांना पण सांगता येईना. तेव्हा जे काही मिळेल ते बालभारतीचं पुस्तक शेजारी उघडून एकेक संज्ञा ताडून बघा, आणि उदाहरणांची उत्तरं स्वतः सोडवून बघा, चुकीचं उत्तर पण ते इतक्या आत्मविश्वासाने देतं की आपल्याच डोक्यात शंका येते.

चांगला उपयोग कुठे होतो? एका पद्धतीची दहा शाब्दिक उदाहरणं हवीत, त्यात ऊस, एसटी, आठवडी बाजार हवा, तर मिळतात, त्यातली सहा टाकून चार ठेवायची. किंवा एखादा प्रश्न देऊन विचारायचं की सातवीचं पोरगं इथे काय काय चुकेल, त्यातले एक-दोन पर्याय खरंच उपयोगी निघतात. टाचणातला पोरं काय म्हणतील हा रकाना मात्र तुम्हीच भरा, तो वर्ग त्याने बघितलेला नाही.

फोटो

पाठाचे फोटो फाइलला लागतात, कळतं. मागून काढा, पोरांचे चेहरे नकोत, हात आणि साहित्य दिसलं तरी पुरे. स्टेटसला तर नकोच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे, आणि कायदा नसता तरी कुणाच्या पोरीचा फोटो आपल्या चारशे कॉन्टॅक्टना का दाखवायचा? मुख्याध्यापकांना आधी विचारा, फोटो फाइलला लागले की फोनमधून काढून टाका.

टाचणात कसं लिहायचं

साहित्याच्या रकान्यात नुसतं "पीपीटी, प्रोजेक्टर" लिहू नका. कुठल्या टप्प्याला, किती मिनिटं, त्या वेळात पोरं काय करतील आणि बंद पडलं तर काय, असं चार ओळींत लिहा. निरीक्षकांना बहुतेकदा शेवटची ओळ आवडते. आणि सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावाचे, सहा मिनिटांचे पाठ कॉलेजात होतात ना, त्यातला एखादा फक्त लॅपटॉप जोडणे, दाखवणे, बंद करून परत वर्गाकडे वळणे यासाठी खर्च करा. बंद करून वळणं हे वेगळं कौशल्य आहे, बरेच जण पडद्याशीच बोलत राहतात. सुरुवात प्रस्तावनेतल्या एकाच चित्राने करा, दुसऱ्या पाठात दोन मिनिटांचा व्हिडिओ, कार्डं-बिर्डं मग. २० आठवडे शाळेत जायचंय, पहिल्याच आठवड्यात सगळी जत्रा नको.

बॅगेत माझ्याकडे अजूनही एचडीएमआय वायर, व्हीजीएचा कन्व्हर्टर, तीन पिनांचं एक्स्टेंशन, दोन पेनड्राइव्ह, चिकटपट्टी आणि खडूचे चार तुकडे असतात. एक्स्टेंशन कधीही मागून घेऊ नका, स्वतःचं ठेवा, आणि त्यावर मार्करने नाव लिहा. तास झाला की आधी टीव्हीमागे हात घालून पेनड्राइव्ह काढायचा, मग पोरांच्या वह्या. माझा एक अजूनही कुठल्याशा शाळेच्या टीव्हीत आहे, आणि त्यात माझं बीएडचं सगळं फायनल फोल्डर होतं.